अर्धा शेर तांदूळ आणि ग्वाल्हेरच्या पंक्ती

१८५८ च्या जून महिन्यात ग्वाल्हेर शहर अठरा-एकोणीस दिवस रावसाहेब पेशव्यांच्या अंमलाखाली होते. ह्या अंमलाविषयी सामान्य मराठी वाचकास बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक, त्या दिवसांच्या अखेरीस राणी लक्ष्मीबाई येथे धारातीर्थी पडल्या. आणि दुसरी, त्या पडण्यापूर्वी पेशव्यांच्या छावणीत ब्राह्मणभोजनाच्या पंक्तींवर पंक्ती उठत होत्या. राणीच्या मराठी चरित्रांतून ही दुसरी गोष्ट रागाने लिहिलेली आढळते, आणि शाळेच्या पुस्तकापासून सभेच्या व्यासपीठापर्यंत ती एकाच सुरात ऐकू येते: शत्रू दाराशी आला असता ही मंडळी जेवत बसली. आम्ही ग्वाल्हेरात वकिली करतो. फुलबागेजवळच्या राणीच्या समाधीवरून आमचा नित्याचा रस्ता जातो, त्यामुळे हा आरोप वर्षातून दहा वेळा तरी आमच्या कानांवर येतो. आणि आरोप ऐकला की आरोपीच्या बाजूने कोणी उभे राहिले होते काय, असे विचारण्याची आम्हांस धंद्यानेच खोड लावली आहे.

ह्या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांचा ग्वाल्हेरशी परिचय शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर ह्यांच्यामुळे असेल. गोमंतकातून उत्तरेत आलेल्या त्या सारस्वत सेनानीच्या काळचे ग्वाल्हेर आणि १८५८ चे ग्वाल्हेर ह्यांत साठ वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि ह्या लेखाचा विषय रणांगणही नव्हे. आमचा विषय अन्न हा आहे. लढाईच्या दिवसांत, परक्या फौजेने व्यापलेल्या शहरात, कोण जेवले, कोणाच्या धान्यावर जेवले, आणि ते जेवण कोणी लिहून ठेवले, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे. आणि त्यासाठी मराठीत एक असा ग्रंथ आहे की त्याच्या तोडीचा साक्षीदार दुसऱ्या कोणत्याही देशी भाषेत सहसा सापडणार नाही.

तो ग्रंथ म्हणजे विष्णुभट गोडसे वरसईकर ह्यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक कुटुंबाच्या कर्जाने गांजलेला होता. बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार आणि त्यात लाखोंचा धर्मादाय होणार, ही वार्ता कोकणापर्यंत पोहोचली, तेव्हा दक्षिणेच्या आशेने १८५७ साली चुलत्यांना बरोबर घेऊन त्याने घर सोडले. वाटेत महूच्या सुमारास बंडाची बातमी कानांवर आली, तरी तो परतला नाही. ग्वाल्हेर झाले, झाशी झाली, झाशीच्या वेढ्यात तो सापडला, लुटला गेला, काळपीच्या वाटेने निघाला, चित्रकूट आणि काशी करून गंगेची कावड खांद्यावर घेऊन अखेरीस घरी पोहोचला. सुमारे पाव शतकानंतर चिंतामण विनायक वैद्य ह्यांच्या आग्रहावरून त्याने ही हकीकत लिहून काढली, आणि आपल्या हयातीत ती छापू नये अशी अट घातली. इंग्रज सरकारची भीती त्याच्या मनातून गेलेली नव्हती. वैद्यांनी १९०७ साली ती प्रसिद्ध केली. हे वैद्य पुढे भारताचार्य म्हणून प्रसिद्धीस आले. ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीशपदही त्यांनी भूषविले होते, म्हणजे आमच्या गावच्या न्यायासनाचे ह्या ग्रंथावर असे एक ऋण आहे. ते मान्य करूनही म्हणावे लागते की, वैद्यांनी भाषेला इस्त्री केली आणि काही मजकूर गाळला. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली जी आवृत्ती काढली, तीत भटजींचा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो. साक्ष तपासणारा वकील मूळ जबानीच मागेल. आम्हीही वाचकांस पोतदारांची आवृत्तीच वाचावी असे सुचवू.

साक्षीदार कितपत विश्वसनीय आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर टाळून ग्रंथाची स्तुती करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. विष्णुभट झाशीत प्रत्यक्ष हजर होते. ग्वाल्हेर पेशव्यांच्या हाती आले तेव्हा मात्र ते तेथे नव्हते. राणीच्या अखेरच्या लढाईची त्यांनी दिलेली हकीकत ऐकीव आहे. तारखांत ते चुकतात, आकड्यांत अतिशयोक्ती करतात. ह्यावरून काही पंडितांनी त्यांना इतिहासकारांच्या पंक्तीतून उठविले. आमचे म्हणणे असे की, ज्या विषयात त्यांना चुकणे परवडत नव्हते त्या विषयात त्यांची साक्ष घ्यावी. तोफांची संख्या हा त्यांचा विषयच नव्हे. कोणत्या गावात उतरावयास कोणाचे घर मिळाले, शिधा कोणी दिला, दक्षिणा किती पडली, यजमान उदार की चिक्कू, ह्या गोष्टींवर त्यांचे आणि चुलत्यांचे पोट अवलंबून होते. भिक्षुकाची नजर हीच येथे इतिहासाची नजर होते. त्यात स्वार्थ आहे हे उघड आहे. पण तो त्यांनी कोठेच लपविलेला नाही, आणि न लपविलेला स्वार्थ साक्षीला बाधक न होता पुष्कळदा उपकारक होतो.

ह्या नजरेने वाचू लागले की झाशीचे प्रकरण अगदी निराळे दिसू लागते. वेढ्यापूर्वीची झाशी त्यांनी भरल्या घरासारखी रंगविली आहे. राणीचा दिनक्रम, देवदर्शन, दानधर्म, थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यांना टोप्या, बंड्या आणि घोंगड्या वाटण्याची तिची आज्ञा, ह्या सर्वांत राज्य म्हणजे खायला-ल्यायला देणारे घर, हीच कल्पना मुळाशी आहे. मग २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोजची फौज झाशीपुढे आली. आता ह्या ठिकाणी विष्णुभटांच्या ग्रंथाशेजारी इंग्रजांचे लेखन ठेवून वाचले पाहिजे, कारण तटाच्या आतील माणसास तटाबाहेरचे दिसत नाही. राणीने शत्रूला चारा-दाणा मिळू नये म्हणून झाशीभोवतीचा मुलूख आधीच उजाड करविला होता. डाव उत्तम होता. तो फसला तो मुख्यतः ग्वाल्हेरमुळे. शिंद्यांनी आणि ओरछ्याच्या दरबाराने रोजच्या फौजेला गवत, सरपण आणि भाजीपाला भरपूर पुरविला, असे खुद्द इंग्रज इतिहासकारांनीच कृतज्ञतेने नमूद केले आहे. झाशी पडली ती तोफांनी, हे खरे. पण त्या तोफा ओढणाऱ्या जनावरांच्या पोटात ग्वाल्हेरचे गवत होते. रावसाहेबांच्या पंक्तींना हसणाऱ्यांनी गवताच्या ह्या भाऱ्यांचाही हिशेब कोठेतरी मांडावयास हवा होता. आमच्या वाचनात तरी तो सभेतून किंवा व्यासपीठावरून कोणी मांडलेला नाही.

३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ला सोडून निघाली. पुढे जे झाले ते विष्णुभटांनी अशा साधेपणाने लिहिले आहे की वाचताना अंगावर काटा येतो. कत्तलीनंतर लूट चालली, आणि तीही एक प्रकारे शिस्तीने: आधी सोने-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड, आणि सरतेशेवटी धान्य, एका फौजेची पाळी झाली की दुसरीची. भटजींनी स्वतःची दक्षिणेची कमाई येथेच गमावली. लुटीच्या ह्या क्रमाकडे टीकाकारांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. हा क्रम लुटारूच्या मूल्यांचा तक्ता आहे. ज्या घरात माणसे तळघरात किंवा अडगळीत दडून जीव वाचवीत होती त्या घरातील बाईला विचारले असते, तर तिने हा तक्ता नेमका उलटा लिहून दिला असता. सोने गेले तर दुःख. भांडी गेली तर अडचण. पण कणगीतील धान्य गेले म्हणजे कत्तलीतून वाचलेल्याची दुसरी कत्तल. झाशीच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला ह्याचे विष्णुभटांना फार वाईट वाटले, आणि विद्वान वाचकाला तेवढेच वाक्य आठवते. आम्हांस त्यांचे धान्याविषयीचे लेखन अधिक बोलके वाटते, कारण त्यात विलाप नाही. केवळ नोंद आहे.

काळपीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. तरीही तो येथे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी विहिरीपाशी येते. विष्णुभट तिला ओळखून पाणी शेंदू लागतात. आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, असे म्हणून ती मातीच्या मडक्याने स्वतः पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते. मग जे बोलते त्यात एक माप येते. आपल्या एका जिवाला अर्धा शेर तांदूळ पुरे होता, तेव्हा विधवेचा धर्म टाकून हा खटाटोप करण्याचे स्वतःसाठी काहीच कारण नव्हते, धर्माच्या अभिमानासाठी तो केला, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. वक्ते ह्यातील धर्माभिमान उचलतात आणि अर्धा शेर तांदूळ तेथेच सांडून जातात.

आम्हांला मात्र तो अर्धा शेर सोडवत नाही. हिंदू कायद्यात विधवेच्या हक्काला आपण ‘अन्नवस्त्र’ म्हणत आलो. १८५४ साली दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केल्यावर कंपनी सरकारने राणीला दरमहा ५००० रुपयांची नेमणूक देऊ केली, ती कायद्याच्या भाषेत अन्नवस्त्राचीच होती. त्याच वर्षी तिने जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून सल्ला घेतला, अर्ज-विनंत्या केल्या. अर्थात पाच हजारांत किती अर्धे शेर बसतात हे तिला उत्तम ठाऊक होते. विहिरीवर बोलताना ती पदरी फौज नसलेली, पुढच्या मुक्कामी चूल पेटेल की नाही ह्याची खात्री नसलेली बाई आहे, आणि तरीही आपली गरज मोजताना ती स्वतःपुरते अगदी लहान माप घेते. ज्याच्या हाती इतरांची पोटे आहेत त्याने स्वतःचे पोट असे मोजता आले पाहिजे. हे वाक्य आमचे आहे, विष्णुभटांचे नव्हे. त्यांनी फक्त माप लिहून ठेवले.

आता ग्वाल्हेरच्या पंक्तींकडे येऊ. ७ मे रोजी कोंच येथे आणि २३ मे रोजी काळपी येथे पराभव झाल्यावर रावसाहेब, तात्या टोपे, राणी आणि बांद्याचे नवाब गोपाळपुरास जमले, तेव्हा त्यांच्यापाशी दारूगोळा नव्हता, पैसा नव्हता आणि फौजेला घालावयास धान्यही नव्हते. ग्वाल्हेरवर जाण्याची कल्पना धाडसाची म्हणून वाखाणली जाते. ती भुकेचीही होती. १ जूनला जयाजीराव शिंदे त्यांच्यावर चालून आले, पण शिंद्यांची फौजच पेशव्यांना मिळाली. जयाजीराव आणि दिवाण दिनकरराव राजवाडे आग्र्याकडे निघून गेले, राजस्त्रिया नरवरकडे गेल्या. शिंद्यांचा खजिना पेशव्यांस उघडा झाला. तो देणारे खजिनदार अमरचंद बांठिया ह्यांना पुढे इंग्रजांनी सराफ्यात निंबाच्या झाडाला फाशी दिले; ते झाड कोणते हे ग्वाल्हेरचा कोणीही म्हातारा दाखवील. फौजेला थकलेले पगार मिळाले. ३ जूनला दरबार भरला, नानासाहेबांच्या नावाने पेशवाईची द्वाही फिरली, आणि पंक्ती सुरू झाल्या.

ह्या पंक्तींच्या बचावाचे काही आहे काय? आहे, आणि ते थोडे नाही. रावसाहेब बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या छायेत वाढले. त्या घरात राज्य उरले नव्हते; राज्याची आठवण मात्र होती. पुण्यात पेशवे दर श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारो ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत, आणि ती नुसती धर्मबुद्धी नव्हती. काशीपासून तंजावरपर्यंतचे विद्वान ज्याच्या दारी हात पुढे करतात तो सत्ताधीश, असा तो जाहीरनामा होता. १८१८ नंतर इंग्रजांनीसुद्धा ती दक्षिणा एकदम बंद केली नाही; काही काळ चालू ठेवून मग हळूहळू पाठशाळेकडे आणि ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळविली. जेत्याला जी खूण एकदम पुसण्याचे धैर्य झाले नाही, ती खूण चाळीस वर्षांनी पुन्हा उभी करण्याची रावसाहेबांना घाई झाली असल्यास नवल नाही. टाकसाळ पाडावयास वेळ लागतो, कचेऱ्या बसवावयास वेळ लागतो; पंगत संध्याकाळपर्यंत बसते. ज्याला आपले राज्य परत आले आहे हे लोकांच्या डोळ्यांस दिसावे असे वाटत होते, त्याच्या हाती ह्याहून जलद साधन नव्हते. आपल्या देवस्थानांतून समाराधना होते तेव्हा यजमान कोण हे सर्व गावास कळते. त्यातलाच हा प्रकार, फक्त गाव मोठा होता.

असे असले तरी आम्ही रावसाहेबांना निर्दोष सोडू शकत नाही. चरित्रकार म्हणतात त्या कारणाने नव्हे. जेवणात वेळ गेला म्हणून लढाई हरली, हे म्हणणे आम्हांस बालिश वाटते. वीस हजार माणसांची फौज पंगत बसली म्हणून कवाईत विसरत नाही. दोष निराळा आहे. खजिना शिंद्यांचा, धान्य लष्करच्या बाजाराचे, आणि पुण्य पेशव्यांचे, अशी ही पंगत होती. जेवणारे कोण होते तेही पाहावे. द्वाही फिरली ती सर्वांसाठी, पानावर बसले ते ठरलेले. ग्वाल्हेरचा विणकर, मुरारच्या छावणीतला भिस्ती, आपापल्या धन्याबरोबर शहर सोडून न गेलेले पागेतले लोक ह्यांना ह्या नव्या राज्यात काय मिळाले? पेशवाईची आठवण ज्यांना आधीच गोड होती त्यांनाच ती पुन्हा वाढण्यात आली. आणि तो डोंगरी किल्ला! जेथे वर्षभराचे धान्य चढवून मूठभर माणसांनी पावसाळा काढला असता, तो शेवटी २० जूनला एका लोहाराकडून दरवाजे फोडवून दोन इंग्रज तरुण अंमलदारांनी थोड्याशा शिपायांनिशी घेतला. रोजने १६ जूनला मुरार घेतली, १७ ला कोटा-की-सरायला लढाई झाली, १९ ला लष्कर पडले. राणी पडली ती तारीख इंग्रजी कागदांत बहुधा १७ आढळते, ग्वाल्हेरात बलिदान दिवस १८ ला पाळतात. त्या सबंध आठवड्यात पाऊस तोंडावर होता. किल्ल्यावर धान्य आणि विश्वासू शिबंदी असती तर पावसाने पेशव्यांची चाकरी केली असती. पंगतीत वाढलेला प्रत्येक शेर किल्ल्यावर न चढलेला शेर होता, एवढाच आमचा आरोप आहे, आणि तो आम्ही मागे घेत नाही.

विष्णुभट त्या जूनमध्ये ग्वाल्हेरात असते तर ह्याच पंक्तीत बसले असते. ह्यात आम्हांस तिळमात्र शंका नाही, आणि त्यांनाही नसती. त्यांच्या ग्रंथाची खरी किंमत येथे कळते. शिते तेथे भुते असे म्हणून आपण ज्या गर्दीला हसतो, तिच्यातील एका माणसाने हे पुस्तक लिहिले आहे. त्याला घरी कर्ज आहे, वृद्ध आईबाप आहेत; शिधा हा त्याचा पगार आहे. पंगतीला शिव्या देणाऱ्यांपैकी कोणी उपाशी नव्हता, हेही कोणीतरी सांगावयास हवे. पण त्याच लेखणीने लुटीत शेवटी गेलेल्या धान्याची नोंद केली आणि राणीचा अर्धा शेरही टिपला. स्वतः पानावर बसणाऱ्याने रिकाम्या कणगीकडे पाहावे, हे वाङ्मयात नित्य घडत नाही. पुढच्या काळातील किती प्रवासवर्णनांत लेखकाने आपण कोणाचे जेवलो हे लिहिले आहे? विष्णुभटांच्या मानाने आमचे आजचे प्रवासी लेखक फार आतिथ्यशील घरांत राहतात आणि फार लवकर विसरतात.

व्यापलेल्या मुलखातील भाकरीचा प्रश्न एकट्या ग्वाल्हेरचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात २५ ऑगस्ट १९४१ रोजी इंग्रज आणि रशियन फौजा दोन बाजूंनी इराणात शिरल्या. इंग्रजांच्या बाजूने गेलेल्या त्या फौजांत हिंदी पलटणी पुष्कळ होत्या. इराणची आगगाडी रशियाला युद्धसामग्री पोहोचविण्याच्या कामी लागली, गहू पिकविणारे उत्तरेचे प्रांत रशियन फौजेच्या छायेखाली गेले, व्यापाऱ्यांनी माल दडविला आणि भाव चढले. जानेवारी १९४२ च्या तहात, युद्धामुळे इराणी जनतेवर येणाऱ्या हालअपेष्टा टाळण्याचा शक्य तो प्रयत्न करू, असे कलम दोन्ही बड्या राष्ट्रांनी सहीनिशी लिहून दिले होते. आम्ही ते कलम वकिलाच्या डोळ्यांनी वाचले आहे. ‘शक्य तो प्रयत्न’ ह्या शब्दांत किती मोठे भोक ठेवता येते हे आमच्या व्यवसायास सांगावे लागत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात तेहरानमध्ये भाकरीसाठी दंगा झाला आणि पंतप्रधान कवाम ह्यांचे घर जाळण्यात आले. तेथे कोणी पंगती घातल्या नव्हत्या. तेथे तह होता, कलमे होती, कचेऱ्या होत्या, आणि भाकर नव्हती. पुढच्याच वर्षी बंगालात काय झाले ते सर्वश्रुत आहे: शत्रूच्या हाती पडू नये म्हणून किनाऱ्यावरील तांदूळ आणि नावा सरकारने आधीच हलविल्या होत्या, आणि जपानी फौज तेथे आलीच नाही. मृतांचा आकडा चौकशी आयोगाने १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. राणीने झाशीभोवती जे केले त्याचेच हे राक्षसी रूप. फरक असा की राणी तटाच्या आत त्याच धान्यावर जगत होती.

ह्याच सुमारास मराठीतील एका शब्दाने जन्म पालटला. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि ‘शिधावाटप’, ‘शिधापत्रिका’ हे शब्द घरोघर रुळले. ‘सिद्ध’ ह्या संस्कृत शब्दापासून आलेला शिधा म्हणजे तोवर मुख्यतः ब्राह्मणाला, पाहुण्याला किंवा चाकराला मोजून दिलेले कोरडे अन्न. विष्णुभट जो शिधा घेण्यासाठी वरसईहून निघाले, तोच शब्द नव्वद वर्षांनी गिरणगावच्या चाळीतील प्रत्येक कुटुंबाच्या कागदावर छापून आला. देणगी होती ती हक्काची झाली, आणि शब्द तोच राहिला. शब्दकोशकारांनी ह्या बदलाकडे अधिक लक्ष पुरवावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.

येथे स्वतःविषयी थोडे लिहितो, कारण रावसाहेबांवर फिर्याद मांडून स्वतः साळसूद राहणे योग्य नव्हे. १९५० पूर्वीच्या एका दानपत्राखाली चालणाऱ्या एका देवस्थानाने २०२० च्या मे महिन्यात आम्हांस मत विचारले. टाळेबंदीत मुंबईहून उत्तरेकडे पायी निघालेल्या मजुरांचे तांडे आग्रा-मुंबई रस्त्याने ग्वाल्हेरवरून जात होते. देवस्थानापाशी अन्नसंतर्पणाचा निधी होता. दानपत्रात मात्र तो ज्ञातीतील यात्रेकरूंसाठी असे स्पष्ट लिहिलेले होते. हा निधी रस्त्यावरच्या माणसांस खिचडी घालण्याकडे वापरता येईल काय? आम्ही दोन पानांचे मत लिहिले. दात्याच्या हेतूच्या जवळात जवळ जाणारा उपयोग करता येतो, परंतु त्यासाठी आधी योग्य त्या अधिकाऱ्याची परवानगी मागावी, असा त्याचा मथितार्थ. मत कायद्याला धरून होते. आजही विचारले तर त्यातील एक शब्द बदलता येणार नाही. अर्ज तयार होईतो रस्ता मोकळा झाला होता. विश्वस्तांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी मधल्या दिवसांत स्वतःच्या दारात चूल मांडली आणि आमच्याकडे पुन्हा कागद पाठविला नाही. ‘माझा प्रवास’ आम्ही त्या पावसाळ्यात चौथ्यांदा वाचला, आणि लुटीतील धान्याचे पान तेव्हा प्रथम आमच्या डोळ्यांत भरले.

ग्रंथाविषयी एक गाऱ्हाणे मांडून थांबतो. ‘माझा प्रवास’ आता हिंदीत आणि इंग्रजीतही उपलब्ध आहे. अमृतलाल नागरांनी तो हिंदी वाचकांस कधीच दिला, आणि गेल्या काही वर्षांत इंग्रजी भाषांतरे एकामागून एक निघाली. भाषांतर वाचणाऱ्यास राणी कळते, लढाई कळते. अर्धा शेर कळत नाही. शेर हे काही एकच माप नव्हते. सरकारी पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. परंतु गावोगावचे कच्चे शेर त्याहून हलके असत, आणि आपल्याकडे तांदूळ तोलण्याऐवजी मापाने मोजण्याची चाल असल्यामुळे वजनी शेर आणि मापी शेर ह्यांतही भेद पडे. कोकणातल्या भटजीने बुंदेलखंडातल्या राणीच्या तोंडी घातलेला शेर ह्यांपैकी कोणता, ह्यावर नव्या आवृत्तीच्या संपादकाने एक तळटीप द्यावी. त्याबरोबर पायली, मण आणि त्या वर्षीचा ग्वाल्हेर-झाशीकडचा धान्याचा दर अस्सल कागदांतून काढून पुस्तकाच्या शेवटी एका पानावर छापता आला, तर शिधा किती आणि दक्षिणा किती हे वाचकाला स्वतः ताडून पाहता येईल.